टायरची उजवी कड

मोटारसायकल धुताना मागच्या टायरची उजवी कड पार गुळगुळीत झालेली दिसली. डावी मात्र जवळजवळ नवी होती. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही आता एका अंगावर कलता. गाडी पुरे."

गाडी सुटली, की टेकडीवरच्या देवीची नित्यपूजाही सुटणार. मी गॅरेज गाठले. मिस्त्री टायरवरून बोट फिरवून हसला. "गुरुजी, तुम्ही सरळच बसता, वाकडा आहे तो रस्ता! मध्ये उंच, कडेला उतरता. डावीकडून जाणारी गाडी सरळ उभी असली, की तिची उजवी कडच घासते. माझ्याही टायरची हीच गत."

घरी येऊन पूजेतले चंदनाचे खोड हाती घेतले. तेही एकाच बाजूने तिरके झिजले आहे. त्याला आजवर कोणी दोष दिला नाही. उतरत्या वाटेवर ताठ राहणाऱ्याची एक कड झिजणारच, आणि देवीपर्यंत नेणारी ती झीज मला शिरोधार्य आहे.

नवा टायर बसवला आणि मिस्त्रीचे म्हणणे चिरंजीवांच्या कानावर घातले. पहाटे निघालो, तेव्हा चिरंजीवांनी हेल्मेट पुढे केले. फुलांची परडी त्यांनी आधीच गाडीला बांधली होती.