एक कोयता हजर

आमच्या वर्गात कागद मोजून मिळतात, रंग पुरवून वापरावे लागतात आणि पाण्याचं तर विचारूच नका. मुबलक असतात ते फक्त किस्से! रोज एखादा घडतो आणि कालच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. दिल्लीच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "काय शिकवलंस आज?" मी सांगायला लागते आणि दोन मिनिटांत माझ्या लक्षात येतं, की मी आज काय शिकले तेच सांगतेय.

आधी जागा सांगते. शिरूर कासारच्या पुढं एक सहकारी साखर कारखाना आहे. पावसानं ओळीनं पाठ फिरवली, ऊस संपला, कारखाना थंड पडला. त्याच्या संस्थेचं कम्युनिटी कॉलेज मात्र सुरू राहिलं. शिवणकाम, मोटार रिवाइंडिंग असले कोर्स. मी बडोदा आणि दिल्लीत कलेचा इतिहास शिकून परत आले आणि प्राचार्यांच्या मागं लागून एक वर्षाचा कोर्स काढायला लावला: कलेचा इतिहास आणि चित्रकला. सर म्हणाले, "खोली न्हाई. साखरेचं गोदाम रिकामं हाय, चालंल का?"

मला तर ते एखाद्या लेण्यासारखं वाटलं. उंच छत, वरून येणारा एकच उजेड आणि अजूनही गोड वास!

बारा जण आले. त्यातले तिघं या किश्शांत सारखे भेटतील. नामदेवकाका, एसटीतले निवृत्त कंडक्टर. रेवणअप्पा, किराणा दुकानदार, कपाळावर भस्माचे पट्टे. आणि मंगल, दर दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी.

मंगलचं कारण अगदी सरळ होतं. गावच्या वसतिगृहाला चित्रकला शिकवायला माणूस हवा होता. "सर्टिफिकेट आण, जागा तुझी," असं तिथल्या गुरुजींनी सांगितलेलं. म्हणजे पुढच्या वर्षी ट्रकात बसायला नको, आठ वर्षांच्या राणीला आजीपाशी सोडायला नको.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना विचारलं, "चित्र म्हणजे काय तुमच्यासाठी?" मी सौंदर्य, आनंद अशा उत्तरांची वाट बघत होते.

मंगल म्हणाली, "घरी ऱ्हाणं."

* * *

जलरंगांचा पहिला तास. मी उत्साहानं सांगितलं, "प्रत्येकानं दोन मग पाणी घ्या. एक ब्रश धुवायला, एक रंग कालवायला."

टँकर आठवड्यातनं एकदा यायचा, हे मी विसरलेच होते.

नामदेवकाका उठले. "मॅडम, बारा पाशिंजर, एक मगा. भागतंय." आणि त्यांनी चक्क लाइन लावली! फिका पिवळा ज्याचा, तो पहिला. त्याच्यामागं केशरी, मग लाल, मग तपकिरी. निळे-हिरवे वेगळ्या लाइनीत, अर्ध्या मग्यावर. काळावाला सगळ्यात शेवटी. "पुढं घुसायचं न्हाई बे! पाणी काळं केलं तर मागच्यांनी काय करावं?"

बडोद्यात आम्हाला रंगांचा क्रम शिकवायला एक महिना लागला होता. इथं तो पाण्याच्या लाइनीनं दहा मिनिटांत लागला.

शेवटी उरलेला चिखल काकांनी बाहेर लिंबाच्या रोपाला घातला. मी म्हटलं, "काका, रंग आहे त्यात!"

"असू द्या. त्याला कुटं चित्र काढायचंय?"

* * *

स्थिरचित्राचा तास. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर दोन सीताफळं, एक पेरू, शेजारी तांब्या. मी सांगितलं, "वस्तू हलत नाहीत, म्हणून याला स्थिरचित्र म्हणतात. जे दिसतं तेच काढा."

गोदामाच्या फरशीत वर्षानुवर्षांची साखर मुरलेली. तिथल्या मुंग्या उपाशी असतील असं मला का वाटलं, कोण जाणे! अर्ध्या तासात टेबलाच्या पायावरून काळी रांग चढली. सीताफळ उललेलं होतंच. त्याचे कण फडक्यावरून उतरायला लागले.

"मॅडम," मंगल मान वर न करता म्हणाली, "स्थिरचित्र चाललं."

मी धावत फडकं झटकायला गेले, तर बाराही जण ओरडले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या! आमी मुंग्यापतुर आलोय!"

* * *

त्याच तासाला अप्पांचं चित्र मी हातात घेतलं. मला ते कुठंतरी खटकत होतं, पण कुठं ते सांगता येईना. मी चित्रातला समतोल, मोकळी जागा, आकारांचं नातं असं पंधरा मिनिटं बोलले. अप्पा डोळे बारीक करून ऐकत होते. मग त्यांनी कागद हातभर लांब धरला, तराजू धरावा तसा.

"उजवीकडं पावशेर जास्त झालंय, मॅडम."

त्यांनी पेरू पुसून दोन बोटं डावीकडं घेतला. चित्र बसलं! जन्मभर काट्याकडं बघितलेला डोळा तो. त्या दिवसापासून मी समतोल हा शब्द बंद केला. वर्गात कुणाचंही चित्र पुरं झालं की पहिला प्रश्न ठरलेला: "अप्पा, किती फरक?"

* * *

एकमेकांच्या चित्रांवर बोलायचं, ही सवय लावायला मला वाटलं महिने जातील. लोक तोंडावर बोलत नाहीत, लाजतात. पण मी एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. इथला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचा सभासद आहे. दूध, ऊस, पतपेढी. लाज काय ती सभा सुरू होईपर्यंत!

पहिलं चित्र माझंच ठेवलं होतं. बालाघाटचे डोंगर, वर निळंशार आभाळ. नामदेवकाका उभे राहिले, घसा साफ केला.

"विषय क्रमांक एक. मॅडमचं आभाळ लई निळं हाय. औंदा आसं आभाळ कुणीबी बघितलेलं न्हाई. सबब ते बदलावं. सूचक, मी सोता."

"अनुमोदक, रेवणअप्पा."

"मंजूर! मंजूर!"

मी म्हटलं, "अहो, माझं म्हणणं तरी ऐका!"

"ऐनवेळच्या विषयात घेऊ."

घरी येताना मी सायकल थांबवून वर बघितलं. आभाळ पिवळट होतं, धुरकट, कडेला तांबूस. इथंच जन्मले मी, आणि निळं आभाळ पुस्तकातून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी चित्र बदललं.

* * *

यथार्थदर्शन शिकवताना मात्र मी हटून बसले. "हे गणित आहे. वस्तू जेवढी दूर, तेवढी लहान. यात मतं चालत नाहीत."

सगळ्यांनी रस्ता काढला, झाडं लहान लहान होत गेली. मंगलनंही रस्ता काढला. दूरच्या टोकाला, जिथं सगळं ठिपक्याएवढं व्हायला हवं, तिथं एक मुलगी उभी होती. झाडांपेक्षा मोठी!

"मंगल, हे चुकलं. दूरची मुलगी एवढी मोठी कशी दिसेल?"

"ट्रकातून दिसती," ती म्हणाली. "राणी ष्टँडवर उबी ऱ्हाती. ट्रक लांब जातो तशी मोठी मोठी व्हत जाती. तुमी कधी गेलतात का ट्रकात?"

मग मी त्यांना सांगितलं, की हजारो वर्षांपूर्वी काही देशांतले चित्रकार सगळ्यात महत्त्वाचा माणूस सगळ्यात मोठा काढायचे, जवळ असो की लांब.

मंगलनं पेन्सिल कानामागं खोचली. "मंग त्यांचं पोरगं बी घरी ऱ्हात आसंल."

* * *

शिल्पांच्या तासाला प्रोजेक्टर लावायचो. गोदामाची भिंत हाच पडदा. एक दिवस घारापुरीचा अर्धनारीश्वर लावला. भिंतभर शंकर, आणि त्याच देहात पार्वती.

रेवणअप्पांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि भिंतीला हात जोडले. मग बाकीचेही उठले. दिल्लीच्या वर्गात ही स्लाइड मी वीसेक वेळा पाहिली असेल. उभं राहून कधीच पाहिली नव्हती.

थोड्या वेळानं विचारलं, "काय दिसतंय?"

मंगल म्हणाली, "एक कोयता."

सगळे हसले. मला कळेना, मूर्तीच्या हातात कोयता कुठं आहे? मग काकांनी समजावलं. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठला मुकादम घेत नाही.

"आर्धा बाप्या, आर्धी बाई, मिळून एक," मंगल भिंतीकडं बघत म्हणाली. "हितं आर्धं काढून घेतलं तर देव तरी उबा ऱ्हाईल का?"

तेव्हा मला तिची अडचण पुरती कळली. दसरा पंधरा दिवसांवर होता. ती मागं राहिली तर तिचा नवरा बिभीषणही जाऊ शकत नव्हता. आणि परीक्षा होती संक्रांतीनंतर, ऐन हंगामात. नियमांचा कागद तर गोदामाच्या दारावरच चिकटवलेला: परीक्षार्थीनं स्वतः हजर राहावं. अपूर्ण काम ग्राह्य धरलं जाणार नाही.

मंगल ट्रकात बसून गेली. सोबत कोळशाच्या कांड्या आणि परीक्षेत मांडायच्या चित्रांसाठी गुंडाळलेले सहा कागद.

* * *

परीक्षेच्या दिवशी नगरहून परीक्षक आले. शिस्तीचे, कडक इस्त्रीचे. अकरा जणांची चित्रं बघून झाली. अप्पांना त्यांनी शाबासकी दिली. मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, "बारावा नंबर. गैरहजर?"

"हाय, हाय!" दारातून आवाज आला.

मंगल. अंगावर उसाच्या फडातलाच नवऱ्याचा जुना शर्ट, साडीवर घातलेला. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. रात्रभर तीन एसट्या बदलून आली होती.

मी तिला बाजूला घेतलं. "मुकादमानं सोडलं?"

"मला कुटं इचारलं त्यानं?" ती धापा टाकत हसली. "सकाळी त्यो हजेरी घेतो, कोयता हजर का? ह्यांनी सांगितलंय, तू जा, मी म्हणतो हजर. त्यो म्हणला बायकू कुटंय, तर म्हणायचं, तुमी माणसं कवापासून मोजाय लागले? कोयता हितं हाय की!"

"आणि मोळ्या कोण बांधणार?"

"तेच. तोडणार बी तेच, बांधणार बी तेच. दोन दिस."

तिनं सहा कागद टेबलावर पसरले. पाच चित्रं परीक्षकांनी सावकाश बघितली. उसाचे तुरे, पाचटाच्या कोपीतली चूल, गाडीशेजारी झोपलेला बैल, स्टँडवरची ती मोठीच्या मोठी मुलगी, तोडलेला मोकळा फड. त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

मग सहावं चित्र उलगडलं. कागदाच्या मधोमध एक उभा देह. उजवा अर्धा भाग बिभीषणचा: अर्धा फेटा, अर्धी मिशी, घामेजलेला खांदा, हातात कोयता. कोळशाची एकेक रेघ जिवंत. आणि डावा अर्धा भाग कोरा. नुसता पांढरा कागद.

परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं, मग दारावरच्या नियमांकडं, मग तिच्याकडं.

"काम उत्तम आहे, बाई. पण हे अर्धंच राहिलंय."

"न्हाई साहेब," मंगल म्हणाली. "ती आर्धी आज हितं आलीय."

परीक्षक तिच्याकडं बघत राहिले, मग कागदाकडं, मग पुन्हा तिच्याकडं. सावकाश पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

मागं रेवणअप्पा डोळे बारीक करून चित्र बघत होते.

"छटाकभरबी फरक न्हाई!"