दहा बाय आठमधले बाळंतपण

आमची आतली खोली दहा बाय आठ फुटांची आहे, असे घरमालकीणबाई सांगतात. एका कोपऱ्यातून खांब पुढे आलेला असल्यामुळे प्रत्यक्षात ती त्याहूनही कमी भरते. भोसरीत दोन खोल्यांचे भाड्याचे घर म्हटले की बाहेरच्या खोलीत स्वयंपाक आणि पाहुणे, आतल्या खोलीत झोप आणि सामान, अशी सर्वसाधारण वाटणी असते. आमच्या सामानात लोखंडी कपाट, सौभाग्यवतीचे शिलाई मशीन, गव्हाची कोठी, जास्तीचा सिलिंडर, गावाकडून आलेल्या गोधड्यांची चवड आणि माझे दफ्तर एवढे येत असे. दफ्तर म्हणजे मी आजवर लिहिलेल्या अर्जांच्या नकला. मी सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज आणि निवेदने लिहून देतो. शिक्षण नववीपर्यंत झाले, परंतु माझा मसुदा वाचून "हा कोणत्या वकिलाने केला?" असे साहेब लोकांनी विचारल्याचे प्रसंग अनेक आहेत. त्यामुळे त्या नकलांना अडगळ म्हणणे मला कधीच मान्य झाले नाही.

या खोलीचा प्रश्न ऐरणीवर आला तो कन्येच्या डोहाळेजेवणाच्या दिवशी. कन्या चाकणला दिली आहे. जावई तिथल्याच एका कंपनीत शिफ्टने जातात. त्यांचा फ्लॅट तीन खोल्यांचा, इमारतीला लिफ्ट, समोरच दवाखाना. कार्यक्रम चांगला झाला. ओटी भरून झाली, जेवणे झाली, आणि विडा हातात घेऊन विहीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"भाऊ, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही ठाऊक आहे. पण तुमच्याकडे ती झोपणार कुठे? पाळणा कुठे टांगणार? त्यापेक्षा राहू दे इथेच. तुमच्या मंडळींनी इकडे यावं."

बोलण्यात कुचकेपणा नव्हता. म्हणूनच उत्तर देणे अवघड झाले. मी म्हणालो, "जागेची संपूर्ण व्यवस्था करण्यात येईल."

"मग पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी येऊन बघते," त्या म्हणाल्या. "पटलं तर पाठवते."

निघताना कन्येने आईला स्वयंपाकघरात ओढून नेले. मी चपला शोधत दाराशी उभा होतो, त्यामुळे मला ऐकू आले. ती म्हणाली, "आई, मला घरीच यायचंय. इथं सगळे चांगले आहेत गं, पण मला दुपारी आडवं व्हायलासुद्धा चोरी वाटते. सासूबाई उभ्या असल्या की मीपण उठून उभी राहते."   परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात खोली मोजत होतो.

दुसऱ्या दिवशीपासून मी काम हाती घेतले. छोट्या खोलीत जागा कमी असते असे नाही, ती चुकीच्या ठिकाणी पडून राहिलेली असते, असे माझे मत आहे. दार आत उघडत होते आणि तेवढ्या कोपऱ्यात काही ठेवता येत नव्हते. ते दार बिजागऱ्या बदलून बाहेरच्या बाजूने उघडेल असे करून घेतले. दाराच्या वर, छताखाली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फळी मारली आणि तिच्यावर क्वचित लागणारी भांडी चढवली. शिलाई मशीनचा खालचा सांगाडा काढून त्याचे वरचे तोंड कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसवले. सिलिंडर बाहेर ओट्याखाली सरकवला आणि छताला पाळण्यासाठी कडी ठोकून घेतली. राहिली ती गव्हाची कोठी, गोधड्या आणि दफ्तर. या सगळ्याला एकच उत्तर होते, ते म्हणजे पेटीचा पलंग. वर झोपायचे, झाकण उचलले की खाली सगळे सामान.

सौभाग्यवतीला मी सगळी योजना समजावून सांगितली. तिने मधे एकदाच तोंड उघडले. "खाट उंच असू द्या," ती म्हणाली. मला ही सूचना अत्यंत योग्य वाटली, कारण पलंग जितका उंच तितकी पेटी खोल.

लोखंडी काम करणारे भाई औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन बसतात. त्यांचा एक अर्ज मी पूर्वी लिहिला होता, तेव्हापासून ते मला वकीलसाहेब म्हणतात. मी पलंगाचे वर्णन सविस्तर लिहून नेले होते. त्यांनी कागद वरून खाली पाहिला आणि परत दिला.

"वकीलसाहेब, अर्ज नको. माप द्या."

"माप आतच आहे. तिसऱ्या परिच्छेदात."

"तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचेस्तोवर माझा पोरगा दुसऱ्याचं गेट बनवून येईल, राव."

माप दिले. पलंग जिन्यातून वळणार नाही, हे मात्र त्यांनी स्वतःच ओळखले आणि तो दोन भागांत केला, डोक्याकडचा एक आणि पायाकडचा एक, मध्ये नटबोल्टने जोडलेले. चौकोनी पाइपची चौकट, चारी बाजूंनी प्लाय, वर प्लायचेच झाकण. खोलीत बसल्यावर तो असा बसला की जणू भिंत बांधतानाच त्याचा विचार केला होता. मी स्वतः पेटी भरली. कोठीतला गहू डब्यांत, डबे पायाकडे, गोधड्या मधे आणि डोक्याकडे दफ्तर. अनेक वर्षांनी आतल्या खोलीची फरशी उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत दिसली. मी तिच्यावरून दोनतीन वेळा उगीचच चाललो.

सौभाग्यवती तेव्हा गावाकडे होती. बाळंतिणीसाठी डिंक, अळीव, तूप आणायला ती बहिणीकडे गेली होती आणि परत आली ती त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी. तिच्या मागोमाग खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई वर आल्या. त्या मूळच्या इथल्याच गावकरी. पूर्वी त्यांची शेती होती, आता सहा भाडेकरू आहेत. त्यांनी खोली पाहिली, फळी पाहिली, छताची कडी पाहिली. पलंगाच्या प्लायवर बोटाने टकटक केले.

"लई बेस केलंय. आन शेगडी कुठं ठिवनार?"

"कसली शेगडी?" मी विचारले.

"कसली म्हंजी? बाळंतिणीला शेक नगं व्हय? खालनं शेगडी सरकवायची म्हनून तर बाज उंच आसती. ह्यो तर पार जिमिनीपातूर बंद. शेगडी काय लेकीच्या डोस्क्यावर ठिवनार?"

सौभाग्यवती भिंतीला टेकून खाली बसली. "मी सांगितलं होतं ना, उंच करा," ती म्हणाली.

"उंच केला आहे."

"अहो, खालून मोकळा राहावा म्हणून उंच! पेटी म्हणजे मला वाटलं बाजूला ठेवायची पेटी. पलंगच पेटी, हे कुणाला कळणार?"

येथे नमूद करणे आवश्यक आहे की योजना सर्वांना आधी सांगण्यात आली होती आणि कोणीही हरकत घेतली नव्हती. परंतु या मुद्द्याचा त्या वेळी काहीही उपयोग नव्हता. विहीणबाई चार बाळंतपणे काढलेली बाई. त्या खोलीत आल्या की पहिली नजर पलंगाखाली जाणार, हे मलाही समजत होते. खाली जागा नाही म्हणजे शेक नाही, शेक नाही म्हणजे माहेर नाही.

"हल्ली कोण शेक घेतं?" मी म्हणालो. सौभाग्यवतीने कन्येला फोन लावला. कन्या म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्यात, धूर कोंडायचा नाही. नुसता शेक, खिडकी उघडी ठेवून, असं आमच्या सासूबाईंनी कबूल केलंय. का गं? काय झालं?"

"काही नाही," सौभाग्यवती म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहू लागली.

मी तसाच भाईंच्या शेडवर गेलो. ते हातातले मशीन बंद न करताच ऐकत होते.

"बॉक्स फाडायचा? लोक माझ्याकडे उलटं करायला येतात, वकीलसाहेब. साधा पलंग आणतात आणि बॉक्स करून नेतात."

"बाळंतपण आहे, भाई."

तेव्हा त्यांनी मशीन बंद केले. "मग तिसऱ्या परिच्छेदात ते लिहायचं होतं ना! माझी अम्मी असती तर बॉक्स बघून तिनं मलाच चिमट्यानं मारलं असतं." नंतर थोडा वेळ ते डोके खाजवत राहिले. "डोक्याकडचा भाग खोला आणि घेऊन या. पायाकडचा राहू द्या. तिकडे पाय असतात, पायाला कोण शेकतं?"

डोक्याकडच्या भागाचे प्लाय निघाले, पाइपचे चार पाय उघडे झाले. वरचे प्लायही काढावे लागले, कारण निखाऱ्यावर लाकूड तापले तर काय होईल, हे सांगायला कोणी नको. त्याऐवजी नवार विणायची ठरली. ती सुती पट्टी हल्ली सहज मिळत नाही. भोसरीतल्या दुकानदारांनी मला प्लास्टिकची पट्टी दाखवली. शेवटी कासारवाडी स्टेशनजवळ एका म्हाताऱ्या गादीवाल्याकडे पिवळट पडलेला एक गुंडाळा सापडला. सौभाग्यवतीने चौकट भिंतीला उभी करून शुक्रवार-शनिवार नवार विणली. ताण देताना ती पट्टी दातांत धरायची आणि मला म्हणायची, "ओढा. अजून ओढा. अर्ज लिहिताय काय?"

प्रश्न दफ्तराचा उरला. त्याची जागा गेली होती. पायाकडच्या पेटीत गहू आणि गोधड्या ठासून भरल्या होत्या आणि त्यांना बाहेर काढा, असे म्हणण्याचे धाडस माझ्यातही नव्हते. मी घरमालकीणबाईंकडे जिन्याखालच्या कोनाड्याची विनंती केली.

"कागदं? उंदरं हायती की तितं."

"महत्त्वाचे कागद आहेत. लोकांच्या न्यायाचे."

"ठिवा मग. उंदरं तरी शिकतील."

मी गठ्ठे गोणपाटात बांधून जिन्याखाली ठेवले. वर येताना पायऱ्या नेहमीपेक्षा उंच वाटल्या, एवढेच सांगतो.

रविवारी सकाळी विहीणबाई आणि जावई आले. उघड्या पाइपांना दिलेल्या रंगाचा वास अजून गेला नव्हता, म्हणून खिडकी सताड उघडी होती. विहीणबाई चप्पल काढून थेट आतल्या खोलीत शिरल्या. त्यांनी दार बाहेर का उघडते ते विचारले, मी सांगितले. छताची कडी दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकून ओढून पाहिली. जावई म्हणाले, "आई, छत खाली येईल." त्यांनी लक्ष दिले नाही. मग गुडघ्यावर हात ठेवून त्या वाकल्या आणि पलंगाखाली पाहिले. बराच वेळ पाहिले. 

"इथे पत्रा मारलाय," त्या म्हणाल्या.

"फरशी तडकू नये म्हणून," सौभाग्यवती म्हणाली. "निखारे बाहेर गॅलरीत फुलवायचे, धूर संपला की आत आणायचे. खिडकी आणि दार उघडं. मी स्वतः बसून राहणार."

विहीणबाई उठल्या आणि कोणालाही न विचारता पलंगावर आडव्या झाल्या. नवार करकरली. त्यांनी एकदा भिंतीकडे कूस वळवली, एकदा पाळण्याच्या कडीकडे. हात लांब करून पाहिला, तो कडीखालपर्यंत पोचत होता.

"झोपल्या झोपल्या झोका देता येईल," त्या म्हणाल्या. मग उठून बसल्या. "आमच्याकडे सगळे बंद पलंग. मी तर बाज कुठून आणायची या विचारात होते. आणि तुम्ही दोघं कुठे झोपणार?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "बाहेरच्या खोलीत. ओट्याच्या बाजूला," मी म्हणालो.

"पाहुणे आले म्हणजे?"

"पाहुणे उठेपर्यंत आम्ही गॅलरीत," सौभाग्यवती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

चहा घेताना विहीणबाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि स्पीकर लावून कन्येला फोन केला. "कपडे भरायला घे," त्या म्हणाल्या. "शनिवारी पोचवतो. चढता-उतरताना जिन्याचा कठडा धरायचा, तेवढं लक्षात ठेव, इथे लिफ्ट नाही."

 पलीकडून कन्येने विचारले, "आई, खरंच?" कोणत्या आईला विचारले ते कळेना. दोघींनीही एकदम "हो" म्हटले.

शनिवारी ती आली. जावयांना दुपारची शिफ्ट होती, म्हणून ते चहाही न घेता गेले. तिने खोली पाहिली, फळी पाहिली, नवारीवर हात फिरवला. मी तिला कोणती वस्तू कोठे आणि का, हे क्रमाने सांगू लागलो. ती ऐकत होती, पण तिच्या एका हातात मोठी बॅग होती आणि दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. माझे बोलणे संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"पप्पा, बॅग कुठे ठेवू?"

मी कपाटाकडे पाहिले, फळीकडे पाहिले, पेटीकडे पाहिले. पलंगाखाली ठेवता येणार नव्हती. दार बाहेर उघडू लागल्याने मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात पलंगाचा पायाकडचा भाग बसला होता. सौभाग्यवती तोंडाला पदर लावून हसू लागली.

मी बॅग आणि पिशवी तिच्या हातून घेतल्या आणि बाहेरच्या खोलीत माझ्या गादीच्या उशाशी ठेवल्या. तिला काही हवे असले की ती आतून सांगते आणि मी काढून देतो. भर दुपारी ती नवारीवर आडवी पडलेली असते, सौभाग्यवती ओट्याशी उभी असली तरीही.