मागची पांढरी व्हॅन

काष्टीहून निघाले तो बाजाराचा दिवस होता. आमच्या भाड्याच्या गाडीपुढे शेळ्यांचा टेम्पो अडकला होता आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, खाली उतरून वाट करत होते. "सरका वं, पोरगी आफ्रिकेला चाललीय!" असं ते ज्याला त्याला सांगत होते, त्यामुळे माणसं सरकायच्या ऐवजी अजूनच गोळा झाली. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी पेरू दिले. विमान चुकेल म्हणून मी चिडले होते. आता वाटतं, अजून थोडा वेळ अडकलो असतो तरी चाललं असतं.

जोहान्सबर्गला लॅबमध्ये नोकरी होती. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे ड्रायव्हिंगची काळजी नव्हती. पण शेजारच्या टेबलावरची सहकारी थांडी, तिथेच वाढलेली, मला नव्याने शिकवायला बसली, कारण तिथे सिग्नलला गाड्या लुटतात. आत बसल्या बसल्या दरवाजे लॉक कर. पर्स डिकीत टाक. सिग्नलला पुढच्या गाडीची चाकं दिसतील इतकी जागा सोड, म्हणजे वेळ आली तर निसटता येतं. "आणि कुणी मागे लागलंय असं वाटलं तर घरी जायचं नाही. माणसं असतील तिथे जायचं."

एका रविवारी दुपारी हायवे बंद होता. मॅपने मला खाली उतरवलं ते बंद गोदामांच्या वस्तीत. मागे एक पांढरी व्हॅन होती. मी उजवीकडे वळले, तीही वळली. मी डावीकडे, तीही. एका गॅलरीत एक बाई चादर वाळत घालत होती, खाली पोरं फुटबॉल खेळत होती. म्हणजे हेही कुणाचं तरी घरच होतं. पण मी आरशातल्या व्हॅनवरून नजर काढत नव्हते. मॅप घराकडे वळ म्हणत होता. मी वळले नाही. पेट्रोल पंप दिसला, तिथे दुकानाच्या दाराशीच गाडी लावली. व्हॅन रस्त्याकडेला थांबली, आणि मग निघून गेली. ती माझ्या मागे होती की तिचा रस्ताच तो होता, आजवर कळलेलं नाही.

मी आप्पांना फोन लावला.

"काय गं, आज यवड्या लवकर?"

"सहजच."

"आवाज का असा येतोय?"

"गाडीत हाय, आप्पा."

"मंग ठिव. गाडीत बोलत जाऊ नगं."

त्यांनी फोन ठेवला. इतक्या माणसांच्या गावातून आलेली मी, काय झालं ते कुणाला सांगावं या विचारात तशीच बसून राहिले. शेवटी थांडीला फोन केला. ती घरातल्या सपातांवरच आली, म्हणाली, "माझ्या मागे मागे ये," आणि मला दारापर्यंत सोडून गेली.

पुढच्या वर्षी गावी आले. आप्पांना घेऊन श्रीगोंद्याला निघाले होते. वाटेत एका म्हाताऱ्याने हात केला. मी लॉक दाबलं आणि वेग वाढवला.

"अगं थांब की! दामूअण्णा हाय त्यो!" आप्पा ओरडले.

गाडी मागे घेऊन त्यांना बसवलं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "कुनाची गं तू?"

आप्पाच म्हणाले, "माजीच हाय. लांब असती." मी का थांबले नाही ते आप्पांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तुम्ही मागे राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, दोघांनाही वाटतं की घर म्हणजे एक ठिकाण असतं. मला आता तसं वाटत नाही. जोहान्सबर्गला रोज संध्याकाळी बिल्डिंगचं फाटक माझ्यामागे बंद झालं की मी थांडीला पोहोचल्याचा मेसेज टाकते आणि मग आप्पांना फोन लावते. तिकडे तेव्हा जेवणं उरकून सामसूम झालेली असते, पण ते जागे असतात.

"आली का घरी?" ते विचारतात.

त्या रिकाम्या फ्लॅटची कडी मी आतून लावते, आणि म्हणते, "व्हय आप्पा, आले घरी. झोपा आता."