आमटी वर कोण नेणार?

"अगं, ही तर एकदम सुकून गेली! हिच्या हाती जड काही देऊ नका."

काकू आत स्वयंपाकघरात माझ्या आईला सांगत होत्या आणि मी दाराबाहेर पत्रावळींचा गठ्ठा धरून उभी होते. दूधविनायक मोहल्ल्यात त्यांच्या घरी गौरीजेवण होतं. आणखी कुणीतरी म्हणालं, "रक्त तपासून घ्या एकदा." मी कान टवकारले. कारण आईने आधीच बजावलं होतं, सणात एका जरी बाईने तब्येतीवरून विचारलं, तर जिम बंद.

आणि जिम मला हवीच होती. सकाळी जिमला जाताना गल्लीत आडव्या उभ्या गाईला वाट मागतानासुद्धा मला हसू येतं, इतकी.

सुरुवात मात्र उलटीच झाली होती. वजन उतरवायला मी आमच्याकडे सहज खपणारा मार्ग धरला: उपास. एकादशी, चतुर्थी, सोमवार, शनिवार, सापडेल तो वार. कुणी टोकत नाही, उलट कौतुक होतं. साबुदाणा आणि रताळ्यावर वजन उतरलं खरं, पण बादली उचलताना हात थरथरायला लागले. मैदागिन चौकातल्या जिममध्ये शिकवणाऱ्या ताईने माझा दंड चाचपून पाहिला. "चर्बी के साथ ताकत भी गला रही हैं आप. दाल खाइए, दही खाइए, और लोहा उठाइए."

मग उपास एकादशीपुरते राहिले. सकाळी भाजल्या चण्याच्या पिठाचा सत्तू, जेवणात उसळ नाहीतर पनीर, भात जरा कमी. आणि वजनं, दर थोड्या दिवसांनी किंचित जड. काटा आता अगदी हळू सरकतो. ताई म्हणते, हळूच सरकू दे, घाई केली की शरीर स्नायूच खाऊन टाकतं. पण कुडते सैल झाले आणि दंडावर एक इवलीशी टेकडी उगवली. अंघोळीनंतर मी ती आरशासमोर फुगवून बघते. या टेकडीचं घरात कुणाला माहीत नाही. मी लांब बाह्यांचेच कपडे घालते.

तर त्या दिवशी मला मीठ-लिंबू वाढायला दिलं. हे काम लहान मुलांचं. मी मान हलवली. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मोठ्या बायकांसमोर माझं मराठी घशातच अडकतं, म्हणून मान हलवणं हेच माझं नेहमीचं उत्तर.

पंगत वरच्या मजल्यावर बसली. पुरुषांनी चित्राहुती घातल्या, पुरणपोळ्या वाढून झाल्या, आणि काकूंनी कपाळावर हात मारला. कटाच्या आमटीचं मोठं पातेलं खालीच राहिलं होतं! उचलणारे सगळे पानावर बसलेले; आता जेवण होईपर्यंत त्यांना उठता येत नाही. जिना एवढा अरुंद की दोघींनी मिळून धरणंही शक्य नाही. काकू एकट्याच झोंबल्या. पातेलं हललंसुद्धा नाही.

"छोट्या भांड्यात काढून थोडी थोडी नेऊ," आई म्हणाली.

"तोवर पोळ्या गार होतील!"

मी मिठाची वाटी खाली ठेवली. पदर खोचला, पाय फाकवले, पाठ सरळ, फडक्यांनी कड्या धरल्या आणि जिममध्ये सोडते तसा जोरात श्वास सोडला. हूंऽऽ!

"अगं बाई, ही काय कुस्तीला निघाली की काय!" काकू ओरडल्या.

पातेलं उठलं. मीच चकित झाले. जिन्यात एकेक पायरी चढताना आतून गुदगुल्या व्हाव्यात तसं हसू फुटत होतं, आणि हसले तर आमटी सांडेल म्हणून ओठ दाताखाली धरले होते. वर पोचले तेव्हा एक आजोबा पानावरूनच म्हणाले, "या पहिलवान! वाढा लवकर."

सगळी पंगत हसली. मागून धापा टाकत आलेल्या काकूंनी पोलक्याच्या लांब बाहीवरूनच माझा दंड दाबला. पुन्हा दाबला.

"हे काय गं? दगड की काय? आजारी म्हणता म्हणता..." त्या आईकडे वळल्या. "काय खायला घालतेस हिला?"

आई माझ्याकडे बघत राहिली. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि माझी मान हलायला निघाली होती, ती मी थांबवली.

"मी जिमला जाते, काकू. उद्याही जाणार आहे."