घासभर

सोमवारी सकाळी हैदराबादच्या एका दवाखान्यात आमच्या साहेबांचं ऑपरेशन झालं. जठर उभं कापलं, त्याचे चारातले तीन हिस्से काढले, एक ठेवला आणि टाके घातले. पुढच्या सोमवारी ते हिंगोलीला घरी आले.

मी भेटायला गेलो तेव्हा ते पलंगावर बसून चमच्याने वरणाचं पाणी पीत होते. आत स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीने भाजी फोडणीला टाकली. त्यांनी डोळे मिटून तो वास आत ओढून घेतला आणि मला म्हणाले, "सर, पोट कापलं, पण नाक कापायचं राहून गेलं."

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. दुसऱ्यांनी आपली थट्टा करायच्या आधीच तो ती स्वतः करून मोकळा होतो. मग बाकीच्यांना बोलायला काही उरत नाही.

साखरा गावाच्या अलीकडे ज्या गावात मी शाळेवर होतो, तिथेच ते जनावरांच्या दवाखान्यात होते. हिंगोली जिल्हा झाला नव्हता, तेव्हापासून. शाळा आणि दवाखाना यांच्यात एकच भिंत होती. हुद्द्याने ते डॉक्टर नव्हते, हाताखालचे पर्यवेक्षक होते. पण डॉक्टर कधीमधी यायचे आणि हे रोज असायचे, म्हणून लोक त्यांनाच डॉक्टरसाहेब म्हणत. आम्ही दोघेही आठवडाभर गावात राहायचो आणि रविवारी आपापल्या घरी जायचो. संध्याकाळी वस्त्यांवर फेरी असली की ते मला गाडीवर मागे बसवून न्यायचे. मला जनावरांतलं काही कळत नव्हतं. त्यांना सोबत लागायची, आणि खोलीवर माझी वाट पाहणारं पुस्तक थांबायला तयार असायचं. ते सीटवर बसले की मागे वीतभर जागा उरायची. खड्डा आला की मी निम्मा लोखंडी कॅरियरवर असायचो.

त्यांचं एक वाक्य सगळ्या वस्त्यांना पाठ होतं. सुई टोचून झाली, हात धुतले, की ओट्यावर टेकत ते म्हणायचे, "जनावराचं झालं. आता माणसाचं बघा."

मग चूल पेटायची. शेतातला आखाडा, म्हणजे शेतावरचं घर असो की धनगराची वस्ती, त्यांनी कुणाचं ताट मागे सारलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या आधीचे साहेब धनगराच्या घरचा चहासुद्धा 'आत्ताच झाला' म्हणून टाळत. हे तीन भाकरी खायचे आणि चौथीचा तुकडा रश्शात कुस्करायचे. वाढणारीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसायचं, ते मी नंतर फार कमी ठिकाणी पाहिलं. साहेब आपल्यात जेवतात, एवढ्या एका गोष्टीवर लोक त्यांच्यापासून आजारी जनावर लपवत नसत. लस टोचायच्या दिवशी सगळा कळप घरी थांबवून ठेवत.

वजन वाढत गेलं. साखर निघाली, गुडघे धरले, बोलता बोलता डोळा लागू लागला. मांडी घालून बसणं सुटलं, मग उकिडवं बसणंही सुटलं. हैदराबादला असलेल्या त्यांच्या मेव्हण्याने या नव्या ऑपरेशनची माहिती काढली होती. हे बरेच दिवस हसण्यावारी नेत होते. मग एका सकाळी रजा टाकून गेले. का गेले, ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. गावात सांगितलं, पोटाचं ऑपरेशन आहे. खरं सांगायची त्यांना लाज वाटायची. "खाऊन खाऊन शेवटी पोट कापून घ्यावं लागलं, हे कोणत्या तोंडानं सांगू सर?"

ते परत कामावर आले आणि नव्याने जेवायला शिकले. आधी ताक आणि वरणाचं पाणी, मग गुरगुट्या भात, मग पिठलं. घास तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, तहान लागली तर आधीच घोटघोट घेऊन ठेवायचं. "रवंथ करून राहिलो," ते म्हणायचे. घाईत एखादा घास गेला की छातीत अडकायचा. मग ते उठून भिंतीआड जायचे, फेस टाकून यायचे, तोंड पुसून पुन्हा बसायचे आणि मधेच सुटलेलं बोलणं पुढे चालू करायचे. ज्वारीची भाकरी फार दिवस त्यांची वैरीण होती. ज्या दिवशी दुधात भिजवलेली भाकरी सुखाने उतरली, त्या दिवशी ते माझा तास चालू असताना वर्गाच्या खिडकीशी आले आणि सगळ्या पोरांदेखत म्हणाले, "सर, चतकोर!" पोरांना वाटलं, गणिताचं काही असेल.

शर्ट दोनदा उसवून शिवून झाले. शिंपी वैतागून म्हणाला, साहेब, काय बारीक व्हायचं ते एकदाच व्हा. अंगठीला दोरा गुंडाळावा लागला. कंगव्यात केस येऊ लागले, उन्हाळ्यातही ते पहाटे स्वेटर घालायचे. गाडीवर माझ्यासाठी ऐसपैस जागा झाली. त्या जागेची मला लवकर सवय होईना.

गावात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं क्षय आहे, कुणी म्हणालं करणी आहे. त्यांना ते कळत होतं. पण या कुजबुजीने त्यांचं काही बिघडलं नाही. जे बिघडलं ते एका जेवणाने.

गावापासून कोसभर अंतरावर धनगरांची एक वस्ती होती. तिथे धुरपतामायचा शब्द चालायचा. वय झालेली, पाठीत वाकलेली, पण कळपातली प्रत्येक मेंढी नातीसारखी ओळखणारी. तिला नातू झाला म्हणून तिने नवसाची कंदोरी केली. कंदोरी म्हणजे बोकड कापून सगळ्यांना जेवण. साहेबांना तिने स्वतः चालत येऊन सांगितलं होतं. आम्ही गेलो. तिने त्यांच्या ताटात निवडून निवडून वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले. तिसरा अडकला असावा. मग ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "बास, माय."

म्हातारी पातेलं घेऊन उभी होती. तिने आग्रह केला नाही. आमच्याकडे आग्रह झाला नाही म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

पावसाळ्यात वस्तीवर मेंढरं आजारी पडली. त्यांना बोलावणं आलं नाही. म्हातारीने कळमनुरीच्या बाजारातून कसलीशी बाटली आणवली. हे लस घेऊन गेले तेव्हा कळप लांबच्या रानात नेलेला होता, म्हणे परवा या. परवाही तेच झालं. मेंढरं मरत होती. मग वस्तीवरचा एक जण मला बाजारात भेटला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, साहेब मोठे झाले आता, धनगराचं गोड लागंना त्यांना.

मी ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बोकड कापला होता हो तिनं."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. सकाळी वस्तीत कुणीतरी बोकड कापला होता. वाट्याला आलेली ओझरी, म्हणजे बकऱ्याच्या पोटाची पिशवी, म्हातारी परातीत धूत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. मेंढरं रानात गेलीत, एवढंच म्हणाली. हे सरळ तिच्या समोर जाऊन उकिडवे बसले आणि परातीतली ओझरी दोन्ही हातांनी उचलली.

"हे बघ, माय. समज, ही माझी ओझरी. इथून इथवर उभी कापली. हे सगळं टाकून दिलं. एवढी ठेवली."

म्हातारीचा पाणी ओतणारा हात थांबला. "जित्या माणसाची?"

"जित्या माणसाची."

"काहून?"

"तुझी काळ्या तोंडाची मेंढी अडली होती. मला खाली बसता आलं न्हाई. तुझी सून हात घालून राहिली अन् मी उभ्याउभ्या सांगून राहिलो. दोन्ही जीव गेले. दुसऱ्या दिवशी हैदराबादला फोन केला."

मी तिथेच उभा होतो. हे मलाही तेव्हाच कळलं.

म्हातारीने ओझरी त्यांच्या हातातून घेतली. त्यांनी दाखवलं होतं तेवढी चिमटीत धरली, उलटीसुलटी करून पाहिली. मग एकदम चिडली.

"अन् हे आदी सांगायचं न्हाई व्हय? आमी जलमभर पोटंच धूत आलो की. आमाला कळलं नसतं?" मग परातीत पाहत, जरा हळू आवाजात तिने विचारलं, "रवंथ करता येती का?"

"तीच करतो दिवसभर."

तिने पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. बिनमायीच्या कोकराला एकदम पाजलं तर ते फुगून मरतं, त्याला घडीघडीला जरा जरा द्यायचं असतं, एवढं शिकलेल्या डॉक्टराला ठावं नसावं, असं ती सुनेला ऐकवत राहिली. डब्याच्या झाकणात तिने पातळ रस्सा आणून त्यांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो संपवायला चांगला अर्धा तास घेतला. कुणी घाई केली नाही. तोवर पोरांनी मेंढरं रानातून वळवून आणली होती.

त्यानंतर ते वस्त्यांवर घासभर जेवू लागले. हा शब्द धुरपतामायचा. 'साहेबाला घासभर' असं एका दारातून दुसऱ्या दारात ओरडून सांगितलं जाई, आणि पाच-सहा घरांतून वाटीच्या तळाला लागेल एवढं काही ना काही येई. "आधी एका घरी जेवलो की बाकीची घरं रुसायची," ते मला परतताना सांगायचे, "आता सगळ्यांकडं जेवतो अन् तरी रिकामाच." अडलेल्या मेंढीपाशी ते आता गुडघे टेकून तासनतास बसत. त्यांचे हात कोपरापर्यंत भरलेले असत आणि चेहरा शांत असे.

अशी काही वर्षं गेली. एका रविवारी हिंगोलीला घरीच, पेपर वाचताना ते गेले. हृदय बंद पडलं. पोटाचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. वस्तीवर हे अजून कुणी मानत नाही.

तेरवीला वस्तीवरची माणसं टेम्पो करून आली. धुरपतामायही आली, दोन बायांच्या खांद्यांवर हात ठेवून. पंगत बसायच्या आधी साहेबांच्या नावाचं पान मांडलं होतं. त्यांच्या पत्नी त्यावर वाढत होत्या. वांग्याची भाजी, पिठलं, भात, पुरणपोळी, वर तूप. म्हातारी पाहत होती. तिला राहवेना.

"एवढं वाढू नका, बाई. तकलीफ व्हईल त्यांना."

पत्नींनी तुपाची वाटी खाली ठेवली. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आता कशाची तकलीफ, मावशी? आता तरी पोटभर जेवू द्या त्यांना."

म्हातारी त्या पानाकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "व्हय की. मंग आणिक एक पोळी घाला."

आता दवाखान्यात नवे साहेब आहेत. कामाला चांगले आहेत, वेळेवर येतात. दुपारी खोलीचं दार लोटून घेऊन घरून आणलेला डबा खातात.