तिसऱ्या हाकेपर्यंत

आरोग्य तपासणीची माझी तयारी आदल्या दिवशीच झालेली असते. वजनकाटा पुसलेला, उंचीची पट्टी भिंतीवर चिकटवलेली, मुलांची कार्डं वर्गवार लावलेली. पालकांनाही निरोप गेलेला असतो: एकाने तरी या. त्या वर्षी एकच आई आली, दुसरीतल्या एका मुलीची. बाकीचे सगळे भाताच्या आवणीच्या चिखलात होते.

आमची शाळा मोखाड्याच्या वरच्या अंगाला, एका पाड्यावर. पावसाळ्यात धुकं थेट वर्गात शिरतं आणि दाराजवळची मुलं अर्धीच दिसतात. तपासणीला आलेल्या पथकातल्या डॉक्टर नव्या होत्या, शहरातून आलेल्या. कान तपासायला त्यांनी दुसरीचा वर्ग भिंतीकडे तोंड करून उभा केला.

"मी मागून हळूच नाव घेईन. ऐकू आलं की वळायचं. कळलं?"

मुलांनी माना डोलावल्या.

त्यांनी पहिलं नाव घेतलं. कुणी हललं नाही. पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने. मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. धुक्यात नुसत्या ताठ पाठी. ज्याचं नाव घेतलं जाई, त्याचे खांदे तेवढे आक्रसत. म्हणजे ऐकू येत होतं. तरी वळत कुणीच नव्हतं.

"बाई, सगळा वर्ग बहिरा आहे का हो?"

"छे! खिचडीच्या पातेल्याचं झाकण वाजलं तर ओहोळावरून धावत येतात." मी स्वतः कायम फळ्यापाशी, त्यांच्या समोर. पाठीमागून हाक मारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

दारातली आई हसायला लागली. "अवो बाई, पाठून हाक दिली तं पोरां ओ कशी देतील? पयली हाक माणसाची का तिची, काय ठावं? दुसरी पण देते ती. तिसरी नाय देता येत तिला."

"तिला म्हणजे कुणाला?" डॉक्टरांनी विचारलं.

तिचं हसू थांबलं. "तिचं नाव नाय घेत, ताई." मग भिंतीजवळच्या आपल्या मुलीकडे बघून अभिमानाने म्हणाली, "माझी पोर तं तिसरीला पण नाय वळत. लय शानी."

माझ्या हातातली कार्डं हातातच राहिली.

डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली, आता प्रत्येकाला तीन हाका. तिसऱ्या हाकेला मूल गाठ सुटल्यासारखं वळे. शेवटी एकच पाठ उरली. डॉक्टरांनी तीनदा हाक मारली. मग आईने मारली, आधी लाडाने, मग ओरडून. शेवटी तिने जाऊन खांद्याला हात लावला, तेव्हा मुलगी वळली आणि आईकडे बघून गोड हसली.

"मंग रानात मी हाका देते, त्या?" आई म्हणाली. डॉक्टरांनी बॅटरी काढून मुलीचे कान बघितले.

दोन्ही कानांत जुना पू होता. मी तिथेच आईला काय करायचं, काय टाळायचं ते बोटांवर मोजून सांगितलं: कानात गरम तेल नाही, पाल्याचा रस नाही, ओहोळात डुंबणं बंद, आंघोळीला कापूस, थेंब वेळेवर. तिने एकही गोष्ट चुकवली नाही. आवणी टाकून मुलीला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात आली, पुन्हा बोलावलं तेव्हा पुन्हा आली. एकदा मला म्हणाली, "कान उघडले तं आता तिला शिकवाय लागंल, कवा वळायचं ते."

दिवाळीनंतर शाळा सुटल्यावर मी त्या मुलीला थांबवून घेतलं. दवाखान्याने बरं म्हटलं होतं, पण मला स्वतः बघायचं होतं. व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. ती रानाकडे तोंड करून उभी राहिली, मी मागे. हळूच एक हाक मारली. तिचे खांदे आक्रसले. माझा जीव भांड्यात पडला. दुसरी मारली. तिसरीसाठी श्वास घेतला, तोच ती वळली.

"ओ, बाई."

"अगं, तिसरीपर्यंत थांबायचं ना? आईने शिकवलं नाही?"

"शिकवलं," ती म्हणाली. "तीन आल्या ना."

मी मागे वळून पाहिलं नाही. तिच्या कार्डावर 'दोन्ही कान ठीक' असं लिहिलं, आणि तिचा हात धरून तिला घरापर्यंत सोडायला निघाले.