पासवाली लेक

चि. सुमन,

मी घर सोडलं तेव्हा माय बैलगाडीला धरून शिवेपर्यंत चालत आली होती. आबा मात्र खुशीत. "पोरगा सातवी पास शे," हे भेटेल त्याला सांगत सुटले होते. मला तर पास हे नवऱ्याचं गोत्रच वाटलं.

भुसावळला रेल्वेच्या चाळीत आले आणि तोच शब्द निराळ्या रूपात भेटला. पास म्हणजे घडी घातलेला कागद. तो दाखवला की तिकीट नको. त्यावर मी दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी येई. लिंबाला झोका बांधलेला असे, आणि माय तो कागद कपाळाला लावून देवापाशी ठेवी.

रजासुद्धा पास व्हावी लागते, हे लढाईच्या दिवसांत कळलं. त्या आखाजीला ह्यांची रजा पास झाली नाहीच, वर इगतपुरीला बदली झाली. लगेच हजर व्हायचं होतं, म्हणून मेलनं निघालो. मी आधीच कार्ड टाकलं होतं, की आखाजीच्या दुपारी मेल आपल्या स्टेशनातून पास होईल, फलाटावर ये.

आपल्याकडे मेल कधीच थांबत नाही. आबांनी मायला परोपरीनं समजावलं. ती सांजोऱ्यांची पुरचुंडी बांधत म्हणाली, "पास शे ना तिनाजोडे? मंग गाडी थांबीच."

मी बायकांच्या डब्यात पलीकडच्या अंगाला, मांडीवर तापानं फणफणलेलं पोर. गर्दीतून वाट काढत खिडकीशी पोचले, तोवर फलाट मागे पडला होता. उन्हाच्या झळांत हलणारं, कपाशी निघालेलं मोकळं रान तेवढं दिसलं. मी खूप रडले.

पुढच्या आखाजीला मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "तू माले दिखनी, पोरी. हिरवं लुगडं नेसेल व्हती."

त्या दिवशी माझं लुगडं जांभळं होतं. कुणा परक्या बाईला पाहून ती वर्षभर सुखात होती. मी म्हटलं, "तूबी माले दिखनी."

आता तूही सातवी पास होऊन मास्तरणीच्या ट्रेनिंगला धुळ्याला निघालीस, म्हणून हे लिहिलं. माय जाऊन तीन वर्षं झाली. माझं घर म्हणशील तर आता तो फलाट, डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसणारा. मेल अजून तिथे थांबत नाही. पण त्या वाटेनं जायचं असलं की मी हिरवं लुगडं नेसते, आणि फलाटाकडची खिडकी धरून बसते.

तुझी आत्या